उपनगरातून आणलेली जुनी व्हॅन : पाटे, शॉकअप आणि गंज



या पत्रिकेत ऊस विकास विभागातर्फे नेहमी बेणे, खते, पाणी व तोडणी यांविषयी लिहिले जाते. या खेपेस विषय निराळा घेतला आहे आणि त्याला कारणही तसेच घडले. आपल्या एका सभासदाने बोरिवलीहून आणलेली जुनी मारुती व्हॅन खताची पोती घेऊन कालव्याच्या रस्त्याने येत होती. मागे दोन मजूर बसले होते. मोरीपाशी चाक खड्ड्यात गेले, मागच्या डाव्या बाजूचा मुख्य पाटा टोकाच्या गुंडाळीजवळ तुटला, ॲक्सल मागे सरकला आणि गाडी कालव्याच्या अंगाला ओढली गेली. भरावावरच्या बाभळीला अडकली म्हणून माणसे वाचली. तुटलेला पाटा आम्ही नंतर हातात घेऊन पाहिला. मोडीच्या तोंडावर निम्म्याहून जास्त भाग काळपट तांबडा होता, उरलेला करडा आणि चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर, तिच्यात पाणी शिरून गंज चढलेला. चकचकीत भाग तेवढा त्या दिवशी तुटलेला. पाटा तुटायला सुरुवात कितीतरी महिने आधीच झाली होती, आणि गाडीखाली वाकून कोणी पाहिले असते तर ती दिसण्यासारखी होती.

त्यानंतर आमच्या गट सहाय्यकांनी आपापल्या गटातील सभासदांच्या जुन्या व्हॅन खालून पाहिल्या. बऱ्याच गाड्यांची स्थिती काळजी करण्यासारखी आढळली. आमच्या विभागाची स्वतःची जुनी व्हॅनही घाटकोपरच्या बाजूला एका गॅरेजमध्ये पूर्ण उघडून दुरुस्त करून घेतली. ते काम आम्ही उभे राहून पाहिले, मिस्त्रींना विचारून घेतले. आम्ही शेतकी खात्याची माणसे, फिटर नव्हे. पण जे पाहिले आणि पडताळले ते सभासदांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आता बाजारात जी ओम्नी मिळेल ती जुनीच मिळणार. दूध डेअरीला घालणे, भाजी बाजारात नेणे, पोरांना शाळेत सोडणे, तोडणीवर जेवणाचे डबे पोहोचवणे, अशा कामांना ती सोयीची, म्हणून आपल्याकडे तिला मागणी आहे. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंगसह उभा शॉकअप असतो आणि त्याच्या खाली लोअर आर्म व बॉल जॉइंट. मागे मात्र बैलगाडीच्या काळापासून आपल्या ओळखीची रचना, सरळ ॲक्सल आणि त्यावर पाटे. मारुतीच्याच इको गाडीत मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहे, तेव्हा पाट्यांविषयी पुढे लिहिलेले इकोला लागू नाही. जुनी जीप आणि पाट्यांवरची ट्रॉली यांना मात्र बरेचसे लागू आहे.

मुंबईचे पाणी आणि आपले पोटॅश

मुंबईची उपनगरे आणि मोटारी यांचा संबंध जुना. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला होता, महिंद्राचा कांदिवलीला, आणि बजाज टेम्पोची तीनचाकी सुरुवातीला गोरेगावात तयार होई, तो कारखाना नंतर आकुर्डीला गेला. लालबहादूर शास्त्री मार्गाने कुर्ल्याहून घाटकोपर, भांडुप, मुलुंडकडे निघाले किंवा अंधेरीला साकीनाक्याच्या अंगाला गेले, की गॅरेजे आणि सुट्या भागांची दुकाने पावलोपावली लागतात. गाड्या पुष्कळ, विकणारे पुष्कळ, म्हणून भावही उतरते असतात. नंबरवरून गाडी कुठली ते कळते. एमएच ०२ म्हणजे अंधेरी, एमएच ०३ म्हणजे घाटकोपर-मुलुंडकडची पूर्व उपनगरे, एमएच ४७ म्हणजे बोरिवली. बोरिवलीचे कार्यालय नंतर निघाले, त्यामुळे तिकडच्या जुन्या गाड्याही एमएच ०२ च्याच असतात.

यापैकी कोणताही नंबर दिसला की एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या गाडीने खारी हवा खाल्ली आहे. पश्चिमेला वेसावे, मनोरी, गोराई येथपर्यंत समुद्र आणि खाड्या. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरे. जिथे मीठ पिकवले जात आले, तिथल्या वाऱ्यात काय असेल ते सांगायला नको. त्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि बहुतेक गाड्या इमारतीखाली किंवा रस्त्याच्या कडेला उघड्यावर उभ्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुर्ला-कालिन्याच्या भागात गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. त्या काळची गाडी आता सहसा कोणी घेत नाही, पण सखल भागात पाणी साचणे नंतरही चालूच राहिले आहे. पाण्यात राहिलेल्या गाडीची खूण वरून दिसत नाही. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, गालिचा उचलून पाहावा, दाराच्या बिजागरीच्या खाचेत बोट घालावे. गाळाची बारीक माती सापडली तर गाडीने पाणी पाहिले आहे असे समजावे.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो, हे शाळेत सर्वांनी शिकलेले आहे. मीठ स्वतः गंज करीत नाही, पण ते ओलावा धरून ठेवते आणि लोखंडावर जो पातळ संरक्षक थर तयार होऊ पाहतो तो क्लोराईड फोडून टाकते. म्हणून खाऱ्या जागी गंज सारखा पसरत नाही, खड्डे पाडीत आत जातो.

आता कोणी म्हणेल, गाडी एकदा घाट चढून देशावर आली की सुटली. तसे नाही. आपण त्याच गाडीतून म्युरेट ऑफ पोटॅशची पोती आणतो. म्युरेट म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचे सख्खे भावंड. शंभर किलो शुद्ध क्षारात साडेसत्तेचाळीस किलोच्या आसपास क्लोरीनच असते. पोते फाटले, चार मुठी सांडल्या, पोरांनी झाडून दाराच्या फटीत लोटल्या, वर धुताना पाणी मारले, की मुंबईचे काम आपण घरीच पुरे करतो. युरियाही हवेतला दमटपणा ओढून घेतो. खत आणायला व्हॅन वापरूच नये असे आमचे म्हणणे नाही, पण खाली ताडपत्री अंथरावी आणि काम झाल्यावर आधी कोरडे झाडून मग भरपूर पाण्याने धुवावे. नुसते शिंतोडे मारून क्षार विरघळतो आणि फटीत जाऊन बसतो, त्यापेक्षा न धुतलेले बरे.

घेण्यापूर्वी काय पाहावे

लाल कुज झालेला ऊस बाहेरून हिरवागार दिसतो, उभा चिरल्यावर आत तांबडे आणि मध्ये पांढरे पट्टे दिसतात. जुन्या गाडीचेही तसेच आहे. वरून नवा रंग, आत पॉलिश, टायर काळे केलेले. पाहायचे ते खाली.

आधी सपाट जागी गाडी उभी करून चार पावले मागे जावे. चाकाच्या वरची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते पाहावे. एक बाजू बसलेली असेल तर त्या बाजूचा पाटा थकला किंवा एखादे पान तुटले आहे. मग प्रत्येक कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, दोन-तीन वेळा डोलत राहिली तर गेला. शॉकअपच्या नळीवर तेलाची ओल आणि तिच्यावर धूळ चिकटलेली असेल तरी तोच निकाल.

त्यानंतर गाडी पिटावर किंवा रॅम्पवर घ्यायला लावावी. विकणारा नको म्हणू लागला तर तिथूनच परत यावे. हातात एक स्क्रू ड्रायव्हर आणि लहान हातोडी असावी. या व्हॅनला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. तळाच्या पत्र्याला जोडलेल्या पोकळ पट्ट्यांवरच पाट्यांचे ब्रॅकेट बसवलेले असतात. ब्रॅकेट जिथे पत्र्याला जोडले आहे तिथे हातोडीने हलके ठोकावे. निरोगी पत्रा टणक वाजतो, कुजलेला दबका आवाज देतो आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला तर पापुद्रे पडतात. पुढच्या शॉकअपचे वरचे टोक ज्या घरात बसते तिथेही असेच पाहावे. पाटा बदलता येतो, शॉकअप बदलता येतो. ज्या जागेला ते अडकवायचे तीच जागा गेली असेल तर ती गाडी घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी.

गाडीखाली सगळीकडे ताजा काळा रंग किंवा डांबरासारखे लेपण दिसले तर खूश होऊ नये. घाटकोपरचे मिस्त्री आम्हाला म्हणाले, "साहेब, खालून काळी कुळकुळीत गाडी दिसली की मी आधी नखाने खरवडतो. चांगली असती तर रंगवली कशाला असती?" आम्हाला हे पटले. गंज न काढता वरून लेपण मारले की ते थोड्याच दिवसांत कडेने सुटते, पत्रा आणि लेपण यांच्यामध्ये पाणी शिरते आणि बाहेर पडत नाही. उघडा पत्रा निदान उन्हात वाळतो, झाकलेला तोही वाळत नाही.

ब्रेकच्या धातूच्या नळ्या तळाला धरून मागे जातात, त्यांवरून बोट फिरवावे. खरबरीत, फुगलेली लागली तर ती नळी घासून साफ करण्याच्या भानगडीत न पडता बदलूनच घ्यावी. ब्रेक ऐनवेळी गेले तर पाट्याचा प्रश्नच उरत नाही.

पाट्यांचे काम

पाट्याची पाने एकावर एक बसवलेली असतात आणि गाडी हलली की ती एकमेकांवर घासतात. त्या घासण्याने रंग जातो, फटीत पाणी राहते, आणि गंज बरोबर तिथे धरतो. मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी पट जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगून पाने विलग करतो. कडेने पाहिले तर दोन पानांमध्ये तांबडी पूड आणि फट दिसते. शिवाय गंजाचा एकेक खड्डा ही चिरेची सुरुवात असते. पाट्यावर प्रत्येक धक्क्याला ताण येतो आणि जातो, येतो आणि जातो. गुळगुळीत पानाला हे वर्षानुवर्षे सोसते, खड्डा पडलेल्या पानाला त्या एकाच ठिकाणी सगळा ताण बसतो. म्हणून पाट्याचा गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, तो बळाचा प्रश्न आहे. पत्र्याला भोक पडले तर पाणी आत येईल, पाट्याला चीर पडली तर माणसे जातील.

खोडव्याचे जसे बुडखे छाटून, बगला फोडून जुन्या मुळ्या मोकळ्या केल्याशिवाय खोडवा नवा होत नाही, तसा पाटाही उतरवून, पाने सुटी केल्याशिवाय दुरुस्त होत नाही. गाडीवरच असताना ब्रशने घासून रंग मारणे म्हणजे नुसती पाचट पेटवण्यासारखे.

काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही जाऊ नये. पुढच्या चाकांना अडण लावावी, जॅकने उचलून भक्कम स्टँडवर गाडी टेकवावी, आणि जमीन भुसभुशीत असेल तर खाली जाड फळी घालावी. शेतात, मळ्यात हे काम काढूच नये. ॲक्सलला वेगळा आधार दिल्याशिवाय यू-बोल्ट सोडू नयेत. गंजलेले नट जागचे हलत नाहीत. त्यांवर आदल्या रात्री जाम नट सोडवण्याचे पातळ तेल सोडावे, तरीही न हलले तर यू-बोल्ट कापून टाकावेत. ते जपून काढण्यात अर्थ नाही, कारण एकदा आवळून ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. पाटा उतरला की पानांवर खडूने क्रमांक व पुढची बाजू लिहावी. मधला सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी पाने मोठ्या शिकंज्यात घट्ट धरावीत, नाहीतर ती उसळून उघडतात.

सुटी झालेली पाने वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावीत आणि रॉकेलने पुसून उन्हात तपासावीत. डोळ्यांवर चष्मा हवा, तारेचे तुकडे उडतात. चीर शोधायची एक साधी युक्ती मिस्त्रींनी दाखवली. पान रॉकेलमध्ये भिजवून, पुसून कोरडे करायचे आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चिरेत राहिलेले रॉकेल थोड्या वेळाने पुडीतून रेघ काढून वर येते. टोकाची गुंडाळी, सेंटर बोल्टचे भोक आणि पानांची टोके जिथे घासतात त्या जागा विशेष पाहाव्यात. रेघ दिसली की ते पान भंगारात. बोटाला लागण्याइतके खोल खड्डे असतील तरी भंगारात.

इथे तीन गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत, कारण आपल्याकडे तिन्ही सर्रास होतात. तुटलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नये. पाट्याचे पोलाद ताव आणि पाणी देऊन कमावलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा भाग एक तर ठिसूळ होतो, नाही तर मऊ पडतो, आणि जोडाच्या अगदी कडेला पुन्हा तुटतो. बसलेल्या पाट्याची कमान गॅसने तापवून वर घेऊ नये, त्याचेही कारण तेच. दिसायला कमान येते, पोलादाचे कमावलेपण जाते. आणि गंज काढण्यासाठी पाने किंवा स्प्रिंग ॲसिडमध्ये बुडवून ठेवू नयेत. बॅटरीचे असो की फरशी साफ करण्याचे असो. ॲसिड गंज खाते हे खरे, पण त्या क्रियेत निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. असा पाटा चकचकीत होऊन बाहेर येतो आणि ओझे पडल्यावर काचेसारखा मोडतो. फॉस्फोरिक ॲसिडचे गंज बदलणारे औषध दुकानात मिळते, ते पत्र्याला आणि साध्या ब्रॅकेटला चालेल, पाट्याला व कॉइल स्प्रिंगला ब्रश आणि रॉकेल एवढेच.

साफ पानांवर त्याच दिवशी प्रायमर लावावा. सकाळी घासून ठेवले आणि उद्या रंगवू म्हटले तर दमट हवेत रात्रीतून पुन्हा तांबूस झाक येते. जस्तयुक्त प्रायमर मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास रेड ऑक्साईड. तो पूर्ण वाळल्यावर काळ्या ऑइलपेंटचे दोन पातळ हात. मात्र ॲक्सलवर जिथे पाटा आवळून बसतो त्या मधल्या भागात रंग अगदी पातळ ठेवावा. तिथे जाड थर असला तर तो पुढे झिजतो आणि यू-बोल्ट आपोआप सैल पडतात. पानांच्या घासणाऱ्या जागी ग्रॅफाइट ग्रीस लावून पाने क्रमाने बसवावीत, सेंटर बोल्ट नवा घालावा. हा बोल्ट किरकोळ वाटतो, पण त्याचे डोके ॲक्सलवरच्या भोकात बसून ॲक्सल जागेवर धरते. तो तुटला तर पाटा शाबूत असूनही ॲक्सल सरकतो.

शॅकल आणि रबरी बुश नवेच घालावेत. बुश घालताना ग्रीस किंवा तेल न लावता साबणाचे पाणी लावावे, खनिज तेलाने रबर फुगते. एक बारीक बाब बहुतेक ठिकाणी राहून जाते. शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नयेत. गाडी चाकांवर उतरवावी, वजन पाट्यांवर येऊ द्यावे, आणि मग शेवटचा आवळ द्यावा. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि वर्षभरात फाटते. यू-बोल्ट समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत सारखे आवळावेत, आणि शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.

पुढच्या बाजूचे काम मात्र घरी करू नये. कॉइल स्प्रिंग दाबून बसवलेला असतो. स्प्रिंग दाबण्याचे खास साधन न लावता शॉकअपच्या वरचा नट सोडला तर स्प्रिंग गोळीसारखा सुटतो आणि तोंडावर बसला तर माणूस उरत नाही. ते गॅरेजवाल्यालाच करू द्यावे, आणि त्याच्याकडे ते साधन आहे का हे आपण डोळ्यांनी पाहावे. बॉल जॉइंटचे रबर फाटले असेल तर आत पाणी जाऊन तो गंजतो, खडखडतो, आणि शेवटी निसटतो. निसटला की चाक आडवे पडते. तिथे काटकसर नको. लोअर आर्म किंवा शॉकअप बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी, नाहीतर नवे टायर एका बाजूने खाऊन जातात.

ब्रॅकेटजवळ पत्र्याचे वेल्डिंग करावे लागले तर पेट्रोलची टाकी उतरवून बाजूला नेली आहे, बॅटरीची तार काढली आहे, आणि गाडीला गॅसचा संच असेल तर टाकीसकट उतरवला आहे, याची खात्री करून मगच ठिणगी पडू द्यावी. या व्हॅन पुष्कळदा गॅसवर चालवलेल्या असतात. ठिगळ मारताना कुजलेला पत्रा कापून काढायला लावावा, कुजक्यावर नवा पत्रा डकवणे म्हणजे मुरमाड जमिनीत वरून चार बोटे काळी माती पसरणे.

सुटे भाग कोठून घ्यावेत असे विचारले जाते. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात सगळे मिळते, आणि दाराचे हँडल, काच, दिवा, सीट असे काही तिथून घ्यायला हरकत नाही. पाटा, कॉइल स्प्रिंग, बॉल जॉइंट, यू-बोल्ट, बुश आणि ब्रेकचे काहीही जुन्यातून घेऊ नये. ज्या गाडीतून तो पाटा निघाला ती गाडीही त्याच मुंबईच्या पावसात उभी होती.

गंज पुन्हा धरू नये म्हणून

जळके इंजिन ऑइल पाट्यांना चोपडण्याची जुनी पद्धत आहे. तिचा उपयोग अगदीच होत नाही असे नाही, पाणी काही काळ दूर राहते. पण तेल बुशवर उतरून रबर फुगवते, ब्रेकच्या ड्रममध्ये गेले तर ब्रेक धरत नाही, आणि त्यावर धूळ बसून लगदा होतो तो ओल धरून ठेवतो. शिवाय ते ठिबकून विहिरीजवळच्या जमिनीत जाते ते वेगळेच. रंग नीट केलेला असेल तर तेलाची गरज पडत नाही.

तळाच्या पत्र्याला अंडरकोटिंग करायचे असल्यास करावे, पण स्वच्छ, कोरड्या व प्रायमर लावलेल्या पत्र्यावर. पाटे, शॉकअपचा दांडा, बुश, ब्रेक ड्रम आणि सायलेन्सर यांवर ते येऊ देऊ नये. पत्र्याच्या खाली पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने किंवा लेपणाने बुजतात आणि पोकळ पट्टी आतून पाण्याने भरून राहते. बारीक तारेने ती भोके मोकळी करावीत, मग पोकळीत मेणाचा फवारा सोडावा. तो नळीसह तयार मिळतो. घरी मेण पेट्रोलमध्ये विरघळवून मारण्याचे धाडस कोणी करू नये.

कामाला वेळ कोणती, तर कारखाना बंद झाल्यावर आणि वळवाचे पाऊस पडण्यापूर्वी, म्हणजे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात. रंग पक्का वाळतो आणि गॅरेजवाल्यालाही सवड असते. पावसाळा संपल्यावर बॉयलर पेटण्याआधी एकदा गाडी पिटावर घेऊन यू-बोल्ट, शॅकल, भोके एवढे पाहावे, अर्ध्या तासाचे काम आहे. जिथे रंगाचा टवका उडालेला दिसेल तिथे लगेच घासून हात मारावा.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत जवळ आलेली गाडी घेताना तळाची स्थिती या दृष्टीनेही पाहावी, कारण तपासणीत गाडी नापास झाली तर घातलेला पैसा अडकतो. आणि ओझ्याविषयी एक हिशेब सांगून ठेवतो. पाच माणसे म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे किलो. युरियाचे पोते ४५ किलोचे, पोटॅशचे ५० किलोचे. ही माणसे नेण्याची गाडी आहे, सात पोती झाली की तिचे वजन झाले, वर माणूस बसवायचा असेल तर पोते उतरवावे. अजून पोती असतील तर दुसरी खेप करावी किंवा ट्रॉली जोडावी. गट कार्यालयात सोमवारी व गुरुवारी आमचे सहाय्यक असतात, गाडी घेऊन आल्यास खालून कोठे पाहायचे ते प्रत्यक्ष दाखवतील.